बाणातला ण

लावा पैज! ह्या गोष्टीचा शेवट वळखून दाखवा. वळखलात तर पुढच्या गुरवारी चहा माझ्याकडनं, क्रीमरोलासकट! आजवर कुनाला जमलं न्हाई. मला सोताला जमलं न्हाई, आन् गोष्ट तर माझीच हाय.

मी बबन. मार्केट यार्डात तीस वर्सं पोती वाहिली आन् तितकीच वर्सं दारू पिलो. आता ऱ्हातो वारज्याला, पन दर गुरवारी संध्याकाळी सदाशिव पेठेत जातो. तिथं एका क्लासच्या खोलीत आमची मीटिंग भरते, दारू सोडनाऱ्यांची. पोरांच्या बाकड्यांवर आम्ही गुडघे मुडपून बसतो. दहा-बारा बेवडे एका खोलीत, म्हनल्यावर किस्से साचनारच! भंगारवाल्याकडं बाटल्या साचत्यात तसे.

आमचे म्होरके केळकर सर. गनिताचे मास्तर. चौदा वर्सं पिले, त्यात शाळेनं काढलं. मंग सोडली, आता नऊ वर्सं कोरडे. कुनी नवा मानूस हमखास विचारतो, "सर, तुमची सुरुवात कशी झाली?"

सर चष्म्यावरनं बघत्यात.

"तो प्रश्न अभ्यासक्रमात नाही."

विषय कट!

*

माझा पहिलाच दिवस. मीटिंगीत आधी एक जन पुठ्ठ्यावरचा 'आजचा विचार' वाचतो. पुठ्ठा नेमका माझ्या हातात दिला. मला अक्षर येत न्हाई, आन् सांगायची लाज. पुठ्ठा डोळ्यासमोर धरला, घसा खाकरला आन् दिलं ठोकून, "सगळा ट्रक बघू नये. पाठीवरचं एकच पोतं बघावं."

मागच्या बाकावर रोशन व्हता, वर्ध्याचं पोरगं, हिंजवडीत कंप्युटरवर काम करतं. ते रडायलाच लागलं.

"नाना, हेच पाहिजे होतं ना जी मले आज!"

त्या दिवशी त्यानं खरंच न्हाई पिली. मी हादरलो. जन्मात पहिल्यांदा माझ्या थापेनं कुनाचं तरी भलं झालं!

सर उठले, माझ्या हातनं पुठ्ठा घेतला आन् म्हनाले, "विचार उत्तम. पुठ्ठा उलटा होता."

*

तवापासनं सर मला मीटिंगच्या आधी अर्धा तास अक्षरं शिकवायला लागले. आन् तल्लफ आली तर एक औषध दिलं. एकोनतिसाचा पाढा!

"दोनाचा पाठ असतो, बबनराव. तो म्हणता म्हणता माणूस गुत्त्यात पोचतो. एकोणतिसात डोकं अडकतं, पाय थांबतात."

मी सुरू केलं, "एकोनतीस एके एकोनतीस…"

"थांबा. एकोनतीस नव्हे, एकोणतीस. ण! बाणातला ण! अहो, तुम्ही पाणी पिता की पानी?"

"सर, आजवर दोनी न्हाई पिलं!"

अख्खी खोली हसली. सर न्हाई हसले.

पन औषध लागू पडलं बरं का. एकदा वारज्यात परमिट रूमच्या पायरीवर उभा राहून मी पाढा सुरू केला. एकशे सोळापर्यंत गेलो, पुढं आठवंना. आठवत आठवत घरी पोचलो. बायकोनं तोंडाचा वास घेतला आन् घाबरून विचारलं, "बरं न्हाई का वाटत?"

*

उन्हाळ्यात रोशननं सगळ्यांना पन्हं आनलं. केशर, वेलदोडा, सगळं. सरांसमोर ग्लास ठेवला आन् सर पांढरेफटक! तडक उठले, जिना उतरले, खाली कुनाच्या तरी स्कूटरवर जाऊन बसले.

रोशन मागं धावला. "सर, साखर कमी हाय जी!"

"मी पन्हं घेत नाही."

पन्हं न घेनारा केळकर! पुन्यात आता बघायचं काय बाकी ऱ्हायलं? मी खिडकीतनं वाकून बघितलं तर सर खाली मान घालून पुटपुटत व्हते. एकोनतिसाचा पाढा.

*

माझी खोड काय जात न्हाई. एका गुरवारी दारूच्या बाटलीत पानी भरलं आन् मीटिंगच्या टेबलावर ठेवून दिली. म्हनलं, बघू तरी कोन कसा बघतो!

कुनी हसंना. एक जन दारातनंच माघारी पळाला. रोशन भिंतीकडं तोंड करून बसला. आन् ऐका, ती बाटली मीच भरलेली, वारज्याच्या माझ्या मोरीत, आत पानी हाय हे मला पक्कं ठावं. तरी माझ्या तोंडाला पानी सुटलं!

सरांनी बूच काढलं, वास घेतला, एक घोट पिले.

"नळाचं. ब्रँड वारजे."

मंग माझ्याकडं वळले. "बबनराव, आधी दोनदा तुम्ही अकराव्या महिन्यात घसरलात. आत्ता कितवा?"

"अकरावा."

"डॉक्टर लिव्हरबद्दल काय म्हणाले?"

"आता पिलास तर परत माझ्याकडं येऊ नको, म्हनाले. थेट घाटावर जा."

"आणि यादी? अजून नाहीच केलीत ना? म्हणून घसरता. आत साठलेलं असतं ते."

यादी म्हंजी काय, तर आपन ज्यांचं ज्यांचं वाटोळं केलं त्यांची नावं लिहायची. मंग एकेकाला गाठून माफी मागायची. मला लिहिता कुठं येतंय!

"तुम्ही सांगा," सर म्हनाले, "मी लिहितो."

*

परवाच्या गुरवारी बसलो. आम्ही दोघंच. सरांनी वहीत तीन रकाने आखले. नाव. काय केलं. नुकसान.

"एक."

"बायको."

"नुकसान?"

"समदंच की, सर."

सरांनी लिहिलं. मंग हळूच म्हनाले, "माझ्याही यादीत पहिली बायकोच होती. सुमन. सोडून गेली होती. माफी मागायला गेलो, तिनं दार उघडलं नाही."

मी घाईनं म्हनलं, "दोन. मेव्हना. पिऊन त्याच्या वरातीचा घोडा पळवला."

"नुकसान?"

"नवरदेव रिक्षातनं आला!"

सरांच्या व्हटाचा कोपरा जरा हलला. मंग मला चेवच आला. कुनाच्या धोतराची गाठ पोत्याला बांधली, कुनाच्या तंबाखूत चुना सोडून भलतंच काय घातलं. मी सांगतोय, सर लिहितायत. छाती हलकी व्हायला लागली राव! म्हनलं, ह्या खेपेला आपन वाचतो.

"अडतीस."

"नाव न्हाई म्हाईत, सर. एक गिऱ्हाईक. लई वर्सं झाली. रंगपंचमीचा दिवस, यार्डात कैऱ्या घ्यायला आलता. आम्ही हमालांनी धरून त्याचं तोंड हिरवंगार केलं, आमची पन हिरवीच. गारठून उभा बिचारा. ग्लास पुढं केला तर म्हनला, मी घेत न्हाई हो, जन्मात कधी घेतली न्हाई. म्हनलं, साहेब, नुसतं पन्हं हाय! आन् त्यात बिनवासाची अख्खी क्वार्टर वतलेली!"

मी मांडी थोपटून हसलो. सर वहीत खाली बघून लिहीत व्हते.

"तीन ग्लास पिला, सर! वर म्हनतो कसा, आज फार मोकळं वाटतंय. मंग हातगाडीवर चढला आन् मोठ्यानं पाढे म्हनायला लागला! आम्ही पोट धरून हसतोय, त्याच्या मागनं आम्ही पन म्हनतोय. तर त्यो वरनं आमच्यावरच वरडला, अरे गाढवांनो, ण! बाणात…"

माझं तोंड तसंच उघडं ऱ्हायलं.

पेन थांबलं व्हतं.

खाली कुनीतरी स्कूटरला किक मारत व्हतं. चालू व्हईना. लई वेळ मारत व्हतं.

सरांनी पहिल्या रकान्यात काहीतरी लिहिलं आन् वही माझ्याकडं फिरवली.

"वाचा."

"सर, मी…"

"वाचा बबनराव. शिकवलंय."

बोट ठेवलं.

"के… ळ… क… र."

जन्मात पहिल्यांदा मी अख्खं नाव वाचलं.

"सर, मला ठावं नव्हतं हो…"

सरांनी हात वर केला, वर्गात पोरं बोलायला लागली की करत्यात तसा.

"माफी नंतर. आधी तिसरा रकाना."

त्यांनी वही परत वढून घेतली आन् फळ्यावर लिहावं तसं, एकेक शब्द मोठ्यानं म्हनत, सोताच लिहिलं.

"चौदा वर्षं. शाळा. सुमन."