परदेश दौऱ्याचा फ्लेक्स

नुसतं फिरायला कुणी परदेशात जातं, हे आमच्या खुटबावात कुणाला पटवून सांगायचं? म्हणून मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, सांगून टाकलं, "कंपनी पाठवतीय व्हिएतनामला. ट्रेनिंग हाय." एवढं एकच खोटं, तेही पंधरा दिवसांपुरतं. परत आल्यावर कोण विचारतंय, असं वाटलं मला. गाढव कुठला!

आम्ही तिघं, एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. एक कवठे येमाईचा, एक कोरेगाव भीमाचा आणि मी. पाठीवर सॅक, सॅकमध्ये शेंगदाण्याची चटणी. पहिले चार दिवस फोटो काढण्यात गेले. पाचव्या दिवशी कवठ्याच्या मित्राचं पोट बिघडलं आणि एका खेड्यात, एका म्हातारीच्या घरी आमचा मुक्काम पडला. तिचा ड्रॅगनफ्रूटचा मळा होता. सिमेंटचे खांब आणि त्यांवर चढवलेले वेल. बसून कंटाळा आला म्हणून मी तिच्याबरोबर वेल बांधायला लागलो. ना मला तिची भाषा, ना तिला माझी. गाठ चुकली की ती हातावर चापट मारायची आणि पुन्हा बांधून दाखवायची.

चार दिवस मी तिथून हललो नाही. कित्येक वर्षांनी पोटभर जेवलो, गाढ झोपलो. सहा वर्षं मी एकाच मशीनमध्ये एकच पार्ट घालत आणि काढत होतो, आणि इकडं घरचं रान आप्पा एकटे ओढत होते. मला शेतीच करायची आहे, हे मला तिथं, त्या म्हातारीच्या मळ्यात कळलं. कोरेगावचा तर हसून लोळला. "आरं, इमानात बसून एवढ्या लांब येऊन तू शोधलं काय, तर खोरं?"

हसू दे म्हटलं. त्याच संध्याकाळी मी मोबाईलवरून राजीनामा पाठवून दिला. आप्पांना मात्र समोर बसून सांगायचं होतं. वाक्यंसुद्धा पाठ केली होती, कारण काम अवघड होतं. पोराच्या पायाला चिखल लागू नये, एवढंच त्या माणसानं जन्मभर मागितलं. "शेती करणाऱ्याला पोरगी कोण देतंय?" हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

आणि गावात शिरतो तर चौकात माझा फ्लेक्स! मी गॉगल लावून, मागं विमान. 'कंपनीच्या परदेश दौऱ्याहून यशस्वी होऊन परतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे अठरा फोटो, त्यातल्या निम्म्यांना मी ओळखतही नव्हतो. हलगी सुरू झाली, गुलाल उडाला, जेसीबीच्या बकेटमधून डोक्यावर झेंडूची फुलं पडली. ताईच्या लग्नातही ज्यांनी टोपी सोडली नव्हती ते आप्पा फेटा बांधून उभे होते.

"आप्पा, जरा बोलायचं हाय," मी त्यांच्या कानाशी म्हणालो.

"बोल की! माइक आणलाय, माइकवर बोल."

मी माइक घेतला आणि म्हणालो, "सगळ्यांचा आभारी आहे." आणि माइक परत देऊन टाकला.

घरी गेलो तर मला बघायला पाहुणे बसलेले. मुलीच्या वडलांनी विचारलं, "परत कवा जायचं?" माझ्याआधी आप्पाच म्हणाले, "कंपनी म्हणंल तवा." मी पेढा चघळत बसलो. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. रागही येतो, पण फ्लेक्स लावणाऱ्यांचा नाही, माझाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाला पाणी धरायला मी खोरं उचललं. आप्पांनी ते हातातून काढून घेतलं. "आरं, हे तुझं काम हाय व्हय? जा, आंघोळ कर. शिफ्ट चुकंल." आईनं डबा पुढं केला आणि मी तो घेतला. काय करणार होतो?

झाले की आता पाच महिने. रोज कंपनीचा निळा शर्ट घालून मी गाडीला किक मारतो आणि कोरेगावच्या मित्राच्या मळ्यात जातो. त्यानं खरोखरच ड्रॅगनफ्रूट लावलंय. आता तो मला हसत नाही. शर्ट खांबाला अडकवतो, दिवसभर त्याच्या मातीत राबतो आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला बोअरच्या पाण्यानं नखं घासून, शर्ट चढवून घरी येतो. तो देतो ती मजुरी मी पगार म्हणून घरी देतो. कमी का, तर मंदी आहे म्हणून सांगितलं. आप्पांनी नुसती मान हलवली.

गेल्या रविवारी तेच पाहुणे साखरपुडा ठरवायला आले. मुलीच्या मामांनी माझा हात हातात घेतला आणि तळवा वर करून बघितला. "घट्टे कशानं पडले वो, जावईबापू?"

मी हात मागं घ्यायला लागलो. आप्पा उठले, शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला. त्यांचा अंगठा माझ्या एकेका घट्ट्यावरून सावकाश फिरला. चाळीस वर्षं खोरं धरलेला माणूस तो, खोऱ्याचा घट्टा त्याला कळणार नाही होय? त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग पाहुण्यांकडं वळून म्हणाले,

"मशिनीचं हायेत. कंपनीत लई काम आसतं त्याला."