फुकट्यांचा मुकादम

"जे फुकट खेळतात त्यांनी आधी वाढायचं. पैसे भरणारे पहिल्या पंगतीला बसतील."

असं म्हणून शेठनं रश्श्याची बादली माझ्या हातात दिली. राहात्याजवळ त्याची पेरूची बाग. बागेत मांडव, मांडवात सतरंज्या आणि आम्ही तीसेक माणसं. सगळी एका मोबाईल गेमच्या टोळीतली, पहिल्यांदाच समोरासमोर आलेली. शेठ टोळीचा प्रमुख, वयानं माझ्या भाच्याएवढा. मी सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेलं, चष्मा कपाळावर. आणि मी काय केलं? बादली घेतली. वर विचारलं, "शेठ, तर्री जास्त टाकू का?"

हे लिहिताना अजून कान तापतात.

गेम साधा. प्रत्येकाचं एक गाव. शेतं, कोठार, वेस, थोडं सैन्य. फुकट खेळणाऱ्यानं बुरूज बांधायला घेतला की चार दिवस वाट बघायची. पैसे भरणाऱ्याचा बुरूज चहा निवायच्या आत उभा. शेठची फौज एवढी मोठी की त्याच्या शेतांवर तिचं पोट भरायचं नाही. म्हणून टोळीत रीत पडली होती. फुकट्यांनी आपलं सैन्य बाहेर पाठवायचं आणि वेस उघडी ठेवायची. शेठची फौज येणार, कोठार झाडून नेणार. बदल्यात बाहेरचं कुणी आम्हाला हात लावणार नाही.

आम्ही अकरा फुकटे. आज कुणाची वेस उघडायची हे बघायला शेठला माणूस हवा होता. त्यानं मला नेमलं. पद दिलं, मुकादम. नावापुढं एक सोनेरी चांदणी दिसायला लागली.

माझे आईवडील पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जायचे. मुकादम म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पाचटाच्या कोपीसमोर, म्हणजे आमच्या झोपडीसमोर, उभा राहून नावानिशी शिव्या घालणारा माणूस. तो आपल्यातलाच असायचा, हेच वडिलांना जास्त लागायचं. आणि त्यांचा मुलगा सुप्याच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीत ती चांदणी दाखवत फिरत होता. पॅकिंगमधल्या एकानं विचारलं, "पगार वाढतो का ह्यानं?" मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

बायकोला गेम मीच शिकवला. महिन्याभरात ती माझ्या पुढं गेली. गावाचं नाव ठेवलं 'माहेर'. घाई नाही, हाव नाही. भाकरी थापता थापता एक नजर टाकायची, पीक काढायची, कोठारात भरायची. चार महिन्यांत फुकट्यांत सगळ्यात मोठं कोठार तिचं. वेस मात्र उघडायची नाही.

"का म्हनून उघडू? म्या पेरलं, म्या राखलं."

"अगं, रीत हाय तशी."

"कुनाची रीत? त्यानं एकदा तरी त्याची उघडली का?"

मी नावापुढची चांदणी दाखवली. माझ्याकडं पद होतं.

एका रविवारी शेठचा निरोप आला. "मुकादम, तुझ्या फुकट्यांत एक वेस बंद आहे. उघड, नाहीतर पद काढतो."

बायको दळण आणायला गेली होती. तिचा मोबाईल ओट्यावर. कुलपाचा आकडा मला माहीत, आमच्या लग्नाची तारीख. मी तिचं सैन्य बाहेर पाठवलं. वेस उघडली. दहा मिनिटांत माहेर रिकामं. मोबाईल होता तसा पालथा ठेवला. चोराला असते तेवढी अक्कल मला होती. शेठला वर कळवलंसुद्धा, "बायकोच्या मोबाईलवरून काम केलं, शेठ."

ती आली, बघितलं. "आवं, कोठारात कायबी न्हाई की!"

"गेममधीच काही बिघाड झाला असल," मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवला. पुन्हा पहिल्यापासून पेरायला बसली. मला चहा करून दिला.

आता पंगतीत ती भाकऱ्यांची पाटी घेऊन माझ्या मागं वाढत होती. शेठनं घास थांबवून माझ्याकडं बोट केलं.

"ह्याला म्हणतात मुकादम! गुपचूप बायकोचं माहेर उघडून दिलं यानं. असा इमानी फुकट्या पुन्हा मिळायचा नाही."

मांडव हसला. वाढणारे फुकटेही हसले. आणि मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला बादलीपेक्षा जास्त आहे.

बायको जवळ आली. आवाज न चढवता म्हणाली, "बिघाड व्हय?"

एवढंच.

मी बादली खाली ठेवली. म्हणालो, "शेठ, आजपासून आमच्या अकराही वेशी बंद."

"अकराचं तुमी बोलू नका," बायको म्हणाली. "ज्याला त्याला तोंड हाय. तुमी तुमचं बोला."

बंड करतानाही मी मुकादमच होतो.

"माझी वेस बंद," मी म्हणालो.

शेठचा उजवा हात रश्श्यानं माखलेला. त्यानं डाव्या हातानं मोबाईल उचलला. "तुझं गाव जाळायला मला हात धुवायचीपण गरज नाही." खरंच नव्हती. दोन वर्षांचं गाव माझ्या डोळ्यांदेखत राख झालं. पण तेव्हाच डोक्यात शिरलं, की त्यानं पैशानं शिपाई उभे केले, त्यांना जगवलं आम्ही. आणि दाणे आणून देणाराही मीच.

बायकोनं पाटी ठेवली. तिच्या मागं आणखी चार फुकट्यांनी हातातली भांडी.

आम्ही सहा जण आता वेगळे खेळतो. पद कुणालाच नाही. बायकोनं मोबाईलच्या कुलपाचा आकडा बदलला. मी विचारला नाही. माफी मागितली. तिनं दिली नाही, आणि मी पुन्हा मागून तिला भंडावत नाही.

आमची गावं अजून झोपड्यांची आहेत. शेठ येईल, जाळेल. त्याच्याकडं पैसा आहे, तो जाळू शकतो. पण आता एकेका पोत्यासाठी त्याला आपले शिपाई मारून घ्यावे लागतील. आयतं काही मिळणार नाही. आणि आपल्याच माणसाला गप्प बसवून त्याचं धान्य दुसऱ्याच्या पुढ्यात नेऊन टाकायचं काम, गेममध्ये असो की कारखान्यात, मी करणार नाही.