टोमॅटोला दिलेली माझी गोळी

माझ्या माहेरच्या टोमॅटोचं बी आता फक्त माझ्या डबीत उरलं होतं. गावची जमीन विकली गेली, तिथे कुणी लावत नाही. जुन्या बियांतून यंदा तीनच रोपं उगवली. ती मेली असती, तर त्या लहान, आंबट टोमॅटोचं सार तुम्हा नातवंडांना कधीच चाखता आलं नसतं.

बोरीवलीच्या आपल्या खिडकीच्या ग्रिलमध्ये मी तीन कुंड्या नंबर घालून ओळीने ठेवल्या. एक नंबरच्या पानांवर काळे ठिपके दिसले आणि मी घाबरले. अ‍ॅस्पिरिनने झाडाची रोगाशी लढायची ताकद वाढते, असं सोसायटीच्या बागकामाच्या ग्रुपवर वाचलं होतं. माझी रोजची हृदयाची गोळी अ‍ॅस्पिरिनचीच; ती पाण्यात विरघळवून मी एक आणि दोन नंबरवर फवारली.

तेवढ्यात शेजारची मालवणी मैत्रीण आली.

"झाडाक हार्ट अटॅक इलो काय गो?"

"हसू नकोस. औषध आहे ते."

"मगे ह्यां एक माका दी. तुझ्या डॉक्टरकीतसून एक तरी वाचांदे." आणि तिने तीन नंबरची कुंडी उचलून नेली.

ठिपके खरंच वाढायचे थांबले. मी खूश होते. चार दिवसांनी हिरव्या, गुबगुबीत अळ्या आल्या. सकाळी पाहते तर पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, देठ सोललेला, कोवळा शेंडा तुटून लोंबतोय. मी चिमट्याने एकेक अळी ओढून काढली आणि चपलेखाली चिरडली. फरशीवर हिरवा चिकट रस पसरला. आजी मुंगीलाही दुखवत नाही, असं तुम्हाला वाटतं ना? त्या सकाळी माझे दात आवळलेले होते. तरी आठवड्यात दोन्ही रोपं संपली.

धावत मैत्रिणीकडे गेले. तिच्या कुंडीतही अळ्या होत्या, पण पानांना जेमतेम दोन-तीन भोकं. देठावर एका मोठ्या अळीने लहानीला मधोमध धरलं होतं आणि ती तिला चघळत होती. लहानीचं मागचं अर्धं अंग अजून वळवळत होतं.

मैत्रिणीची सून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "काकू, अळी चावली की झाडात एक हार्मोन तयार होतं, जास्मोनिक आम्ल. त्यामुळे पान अळीला पचत नाही. उपाशी अळ्या मग एकमेकींना खातात. रोगाशी लढणारं हार्मोन वेगळं, सॅलिसिलिक आम्ल. ते वाढलं की जास्मोनिक दबतं. अ‍ॅस्पिरिन सॅलिसिलिकच्याच जातीचं."

"म्हणजे माझी रोपं मीच मारली?"

सुनेच्या आधी सासूच म्हणाली, "मगे कोणी?"

तीन नंबरला पाच टोमॅटो लागले. अगदी मऊ होईपर्यंत मैत्रिणीने मला एकालाही हात लावू दिला नाही. बी धुऊन, वाळवून तिने स्वतःच्या डबीत भरलं. मी मागितलं तर म्हणाली, "नातवंडां येतली तेवा त्यांकाच देतलंय. तुका नाय."

मी वाद घातला नाही.