चुलीपुढची खिडकी

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जानेफळच्या अन्नपूर्णाबाईला लग्नातलं लुगडंसुद्धा कोणी निवडू दिलं नव्हतं, नवरा तर लांबच. त्यामुळे स्वयंपाकघरातली खिडकी वाळवीनं खाल्ल्यावर नवी कुठं बसवू, असं कडूबा सुतारानं विचारलं, तेव्हा तिनं आधी मागं वळून पाहिलं, की हा विचारतो कोणाला!

जुनी खिडकी सुपाएवढी, पार छताला टेकलेली. घरातली बाई बाहेरच्याला दिसू नये म्हणून सासऱ्यानं ठेवलेली. तीस वर्षं धुरानं अन्नपूर्णाबाईचे डोळे चुरचुरले. आता त्याच चुलीपुढं सून सिंधू डोळे पुसत होती.

"तेवढीच अन् तिथंच बसव," ओसरीवरून नवरा, इंद्रभान, ओरडला. "खाली घेतली त येणारा-जाणारा आत पाहीन."

"पाहू द्या की! भाकरीच थापून राह्यली ते, चोरी नाही करून राह्यली."

तिनं सुनेला चुलीपुढं बसवलं आणि कोळशानं भिंतीवर तिच्या खांद्याच्या उंचीवर रेघ ओढली. "इथून वर, चांगली दोन हात."

"मावशी, माप उभ्या माणसाचं घेतात," कडूबा म्हणाला.

"उभा माणूस बाहेर जाते बापा. बसलेलीनं काय करावं?"

इंद्रभान ओसरीवरून उठून बाहेर निघून गेला. सुतारानं रेघेवर छिन्नी धरली.

खिडकी बसली त्या सकाळी धूर भराभर बाहेर गेला. सिंधू म्हणाली, "आत्याबाई, शेवग्याले फुलं आले की हो!"

अन्नपूर्णाबाई तिच्याजवळ टेकली. तो शेवगा तिनंच लावलेला होता. पण चुलीपाशी बसून तो दिसतो कसा, हे ती आज पहिल्यांदा पाहत होती.