जीपची फुंकणी

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. ‘कशी आहेस’ वगैरे काही नाही, थेट म्हणाली, “तुह्या दवाखान्यात बीपीची जुनी मशीन पडली असंन नं वं? गोल काट्याची?”

ताई काटोलच्या पुढे संत्र्याच्या बागेत एकटी राहते आणि आम्ही नागपुरात. मी दातांची डॉक्टर, पण घरच्यांच्या लेखी डॉक्टर म्हणजे डॉक्टर. मी लगेच सुरू झाले, “तुम्हाला गरगरतंय का? घाम आलाय का? डावा हात दुखतोय?”

“मले काय धाड भरली! जीपसाठी पाहिजे. तिचं बीपी मोजाचं हाय.”

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. त्यानं पेपरातून मान वर न करता विचारलं, “पुन्हा तो बरड?”

पुन्हा तो बरडच होता. आमच्या बागेच्या मागे मुरूम आणि दगडांचा एक उभा उंचवटा आहे. वर एक मोहाचं झाड आणि पाच-सहा माणसं बसतील एवढा सपाट खडक, बाकी काही नाही. ही दोघं बहीणभाऊ लहानपणी अख्खी दुपार तिथं काढायची. आता ताईचा डावा गुडघा वाकत नाही. ती पायी वर जाऊ शकत नाही हे तिच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. तिचं म्हणणं एवढंच, की जीपमध्ये दम नाही. जीप म्हणजे बागेतले संत्र्याचे क्रेट वाहून वाहून म्हातारी झालेली, चारही चाकं ओढणारी पेट्रोल जीप. ती बरडाच्या मधल्या वळणापर्यंत जायची, तिथं धापा टाकायची आणि बंद पडायची. मग आम्ही सगळे मागे दगड लावायला धावायचो.

ताईनं नोकरीभर सरकारी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गांना शिकवलं. लग्न होऊन आले तेव्हा मला तिची भीतीच वाटायची. मी केलेल्या भाजीपेक्षा माझ्या स्कूटरच्या आवाजाबद्दल ती जास्त बोलायची, आणि दोन्हींबद्दल चांगलं बोलायची नाही.

त्याच दिवशी बीपीचं यंत्र पिशवीत टाकून आम्ही शेतावर गेलो. शेडमध्ये जीपचं बोनेट काढून भिंतीला टेकवलेलं. एका उलट्या क्रेटवर बिडाचा जाडजूड डबा ठेवलेला आणि ताई त्याच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तशी बघत उभी. डबा तिनं कबाड्याकडून आणला होता. कुठल्याशा कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडायचं काम त्या डब्यानं जन्मभर केलं होतं आणि त्या नोकरीचा वास अजून त्याला सोडून गेला नव्हता. नवऱ्यानं रुमाल नाकाला लावला.

“नाकानं काहून पाहून राहिला गा?” ताई म्हणाली. “डोळ्यानं पाह्य.”

तिनं झाकण उघडलं. आत आठाच्या आकड्यासारखे दोन लोखंडी गोळे, एकमेकांना न शिवता एकमेकांत फिरणारे. एका बाजूनं हवा उचलायची आणि दुसऱ्या बाजूनं कोंबायची. ताईनं समजावलं, “इंजिन आपल्या आपण जेवढी हवा ओढंन तेवढंच पेट्रोल जाळंन. चढावर त्याले दम पुरत नाही. मंग आपण हवा ओढू द्यायचीच नाही, जबरदस्तीनं भरायची. चुलीत फुंकणी मारतो तशी.”

“याला सुपरचार्जर म्हणतात,” नवरा मला हळूच म्हणाला.

“फुंकणी म्हणतेत,” ताई म्हणाली, आणि तेच नाव पडलं. बीपीच्या यंत्राचा काटा तिला हवेचा दाब मोजायला हवा होता. दंडाचा पट्टा तिनं कात्रीनं कापून टाकला आणि काटा डॅशबोर्डला तारेनं बांधला. मला इतकं हसू आलं की मी नवऱ्याला सांगितलं, आपण मुक्काम करू.

खरी अडचण वेगळी होती. फुंकणीचं तोंड चौकोनी आणि इंजिनचं लांबट. दोन्ही जोडायला मध्ये जाड पट्टी हवी, तिची भोकं दोन्हींकडे बरोबर बसायला हवीत. इंजिनचं तोंड अशा अडचणीच्या जागी होतं की तिथं पट्टी घेऊन हात जात नव्हता. ताईनं पुठ्ठा लावून माप उतरवायचा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी ते वेगळं आलं. ती चिडली. मी म्हटलं, “ताई, मी घेऊ का माप?”

पुढच्या रविवारी मी दवाखान्यातली गुलाबी पावडर आणि रबराची वाटी घेऊन गेले. कवळी करायच्या आधी आम्ही रोग्याच्या तोंडात जे लगद्यासारखं भरतो, ते. इंजिनच्या भोकांत आधी कापसाचे बोळे बसवले, पत्र्याच्या झाकणात लगदा भरला आणि इंजिनच्या तोंडावर दाबून धरला. आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, “आता हलायचं नाही. नाकानं श्वास घ्या.”

ताई माझ्याकडे बघायला लागली. मग अशी हसली, अशी हसली, की तिला क्रेटवर बसावं लागलं. इतक्या वर्षांत तिला मी तसं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसत होते, पण मला हात काढता येत नव्हता, कारण लगदा घट्ट व्हायचा होता. तो सुटून आला तेव्हा त्यावर प्रत्येक भोक, प्रत्येक कड, अगदी जुन्या गॅस्केटचा चिकटलेला तुकडासुद्धा उमटला होता. लगदा वाळला की आकसतो, म्हणून मी तिथंच त्यात प्लास्टर ओतलं. ताई तो पांढरा साचा हातात घेऊन फिरवत राहिली. “हे भारी काम हाय वं,” ती म्हणाली. मला डिग्री मिळाली तेव्हाही मी एवढी फुगले नव्हते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सदरमधल्या माझ्या दवाखान्यातून लेथवाल्याकडे पट्टी करून घ्यायला गेले. त्यानं साचा उजेडात धरला. “मॅडम, हा जबडा कोणाचा हाय?”

“जीपचा.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं. “दात दिसून नाही राहिले.”

“म्हणून तर तुमच्याकडे आले.”

पट्टी पहिल्या फटक्यात बसली. बाकीचं मात्र काही केल्या जमेना. शेतावरची लाइन आपल्या मर्जीनं येते, त्यामुळे ताई वेल्डिंगचा चष्मा डोक्यावर चढवून वाट बघत बसायची, आणि लाइन आली की जेवणाच्या ताटावरून उठायची. फुंकणी फिरवायला इंजिनच्या पुढच्या चाकावरून पट्टा घेतला होता. तो पट्टा दर वेळी सुटून शेडच्या कोपऱ्यात जाऊन पडायचा, कारण दोन चाकं एका रेषेत येत नव्हती. ताई ब्रॅकेट कापायची, पुन्हा जोडायची. मी टॉर्च धरायचे. नवरा दुरून सल्ले द्यायचा.

एकदाची जुळणी झाली. कार्बोरेटर फुंकणीच्या डोक्यावर चढला आणि जीपला बसलेल्या उंटासारखं रूप आलं. ताईनं वाळूची बादली जवळ ठेवली, नवऱ्याला शेडबाहेर उभं केलं आणि मला चावी फिरवायला सांगितलं. इंजिन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. ताई वाकून आत बघायला लागली. मला कार्बोरेटरमधून एक बारकी शिंक ऐकू आली आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले, “ताई, सरक मागं!”

ती सरकली आणि ‘फाड्’ करून असा आवाज झाला की बागेतले सगळे पोपट एकदम उडाले. एअर फिल्टरचं झाकण छपराच्या पत्र्याला भोक पाडून वर गेलं. आम्ही तिघं तोंड उघडं टाकून वर बघत राहिलो. झाकण बाहेर कुठंतरी पडल्याचा आवाज आला, तोही बऱ्याच वेळानं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मी ताईला ‘सरक’ म्हणाले. लग्नापासून मी तिला अहो-जाहो करत होते. मी घाबरून म्हटलं, “सॉरी ताई, तुम्हाला मी...”

“काय?” ती ओरडली. तिचे कान बंद झाले होते. “मोठ्यानं बोल वं! तू काय म्हणते?”

“काही नाही!” मी ओरडले. “तू बरी आहेस ना?”

“मी मजेत हाय!” ताईच्या भुवया थोड्या जळल्या होत्या आणि चेहऱ्यावर दिवाळी होती.

नवऱ्यानं सुचवलं, कुकरची शिट्टी बसवू, दाब वाढला की सुटेल. ताई म्हणाली, “अन् गरम इंजिनवर पेट्रोलची वाफ सोडू? तू हिशेबाचं काम कर गा, तेच बरं हाय.” तिनं मग स्प्रिंग लावलेली एक झडप बनवली. असा भडका झाला तर ती क्षणभर उघडायची आणि लगेच मिटायची, आणि तिचं तोंड माणसांपासून दूर, खाली वळवलेलं. ठिणगीची वेळही तिनं थोडी मागे घेतली. त्यानंतर जीप सुरू झाली ती सुरूच राहिली. तिच्या नेहमीच्या खडखडाटावर आता एक बारीक, चढत जाणारी शीळ होती. एखादं मोठं मांजर आनंदानं रडत असावं तशी.

बरडावर कोण नेणार हा प्रश्न ताईनं आधीच सोडवला होता. तिच्या गुडघ्यानं आता क्लचही दाबला जात नाही, नवऱ्यावर तिचा विश्वास नाही, म्हणून मी. माझी नागपुरातली गाडी ऑटोमॅटिक. दोन रविवार मी संत्र्यांच्या ओळींमधून जीप हाकायला शिकले. दोन झाडांची मी माफी मागितली आहे.

तो दिवस थंडीचा होता, ऊन कोवळं. ताई शेजारी बसली, एक हात दांडीला आणि दुसरा बीपीच्या काट्यावर. नवरा दगड घेऊन पायथ्याशी उभा राहिला, सवयीनं. मी पहिला गिअर टाकला.

“दाब!” ताई म्हणाली.

मी दाबलं. जीपनं नाक वर केलं. मुरूम मागे उडायला लागला, शीळ चढायला लागली.

“ऐंशी!” ताई काटा वाचत होती. “शंभर! एकशेवीस! हे बरं का वाईट वं?”

“नॉर्मल!” मी किंचाळले.

मधलं वळण आलं. तिथं दर वेळी इंजिनचा जीव जायचा. माझा पाय आपोआप ब्रेककडे निघाला. “सोडू नको!” ताई ओरडली. मी डोळे मिटले, मग आठवलं की गाडी मी चालवतेय, आणि उघडले. जीप वळणावर थांबली नाही. ती गेली! दगडावरून उडी मारून गेली!

“एकशेऐंशी! दोनशे!”

“ताई, आता काटा बघू नकोस!”

“माणूस असता तर?”

“आयसीयूत असता!”

आम्ही दोघी इतक्या हसत होतो की मला समोरचं पाणावलेलं दिसत होतं. आणि एकदम समोर काहीच दिसेना, फक्त आकाश. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. धूळ खाली बसली तेव्हा आम्ही मोहाच्या झाडाजवळ, सपाट खडकावर होतो. इंजिन टिकटिक करत गार होत होतं.

ताई दांडीला धरून उतरली, खडकाच्या कडेपर्यंत लंगडत गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. खाली आमची बाग, त्यापलीकडे दुसऱ्यांच्या बागा, काटोलच्या रस्त्यावरून जाणारी एसटी. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, “धूळ फार हाय.” मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

मग तिनं विचारलं, “उतरायचं कसं वं?”

मी तिच्याकडे पाहिलं. इतके रविवार आम्ही चढायचाच विचार केला होता. उतरायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वरून तो उतार भिंतीसारखा दिसत होता. पुन्हा आमचं हसणं सुरू झालं. खालून नवरा ओरडत होता, “काय झालं? काय झालं?” आणि आम्हाला उत्तर देता येत नव्हतं.

शेवटी पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलानं, मी जीप उतरवली. नवरा पुढे उलटा चालत हातवारे करत होता, विमान उतरवत असल्यासारखा. खाली पोचल्यावर त्यानं हातातला दगड टाकला, जीपला एक फेरी मारली, शर्टाला हात पुसले आणि लहान आवाजात म्हणाला, “ताई, मी एक चक्कर मारू?”

“बस,” ताई म्हणाली. “पण मी सांगंन तसंच.” आणि ती पुन्हा चढून बसली.

पुढे महिनाभरानं जास्तीच्या दाबानं इंजिनचं हेड गॅस्केट उडालं. ते बदलून ताईनं फुंकणीचा जोर थोडा कमी केला, आणि अजूनही दर रविवारी जीप वर जाते. पण त्या दिवशी ते दोघं निघाले तेव्हा मी क्रेटवर बसून राहिले होते. माझा चेहरा हसून दुखत होता. जीप वळणामागे दिसेनाशी झाली. मग नुसती शीळ ऐकू येत होती, आणि तिच्यावर चढवलेला ताईचा आवाज, “दाब गा! दाब! एकशेवीस झालं फक्त!”