साडूभाऊंचा स्थिर हात

आमच्या साडूभाऊंइतका स्थिर हाताचा माणूस दिल्ली, नोएडा, गुडगाव धरून कुठेही सापडणार नाही, आणि तो हात थरथरतो असं त्यांना वर्षभर वाटत राहिलं ते माझ्यामुळे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्या गमती सांगताना मी फार साळसूद वाटणार नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. केंद्र सरकारच्या नोकरीत पुण्याहून दिल्लीला आले, इथेच निवृत्त झाले आणि आता नोएडाच्या एका सोसायटीत चौदाव्या मजल्यावर राहतात. राहतात म्हणजे झोपायला येतात.

कारण हात सोडले तर त्या माणसाचं काहीच एका जागी थांबत नाही. आमच्याकडे द्वारकेला जेवायला आले की चपला काढता काढताच त्यांची निघायची तयारी सुरू होते. "चला, उजेड जाईल," हे त्यांचं पालुपद. जानेवारीत, जेव्हा दिल्लीत मुळात उजेड नावाची वस्तू नसते आणि समोरची इमारत अंदाजानं ओळखावी लागते, तेव्हाही त्यांचा उजेड जातच असतो. पानावर आमटी-भात असतो, आणि हे उठून गॅलरीत जाऊन आभाळ बघून येतात. एकदा मी विचारलं, "भाऊ, काय आहे तिकडे?" तर म्हणाले, "काही नाही. पण असतं तर?"

या "असतं तर" साठी त्यांनी तीन लेन्स बाळगल्या आहेत, आणि त्यांना भावंडांसारखी नावं आहेत. धाकटा, मधला, थोरला. धाकटा रुंद बघतो, म्हणून डोंगर, आभाळ, किल्ले त्याच्याकडे. मधला प्रवासाचा, त्याला सगळंच थोडं थोडं येतं, घरातल्या कुठल्याही मधल्यासारखं. आणि थोरला म्हणजे दुधी भोपळ्याएवढा, पक्षी आणि जनावरं जवळ आणणारा. तिघांपैकी कॅमेऱ्यावर जो चढलेला असेल तो नेमका चुकीचा असतो. कुमाऊंला आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून गेलो होतो. पहाटे हिमशिखरं उजळली तेव्हा साडूभाऊंनी धाकटा लावला, एक फोटो काढला आणि कपाळावर हात मारला. "यानं हिमालयाची पर्वती केली!" थोरला लावला, तर एक शिखरसुद्धा मावेना. "हा नुसता बर्फाचा गोळा." मग मधला काढला, त्याच्या काचेवर फुंकर मारली, तो बसवून डोळा लावला, तोवर ढग आले होते. आम्ही बाकीचे तेवढ्या वेळात पोटभर हिमालय बघून चहाला बसलो होतो. साडूभाऊ आले आणि म्हणाले, "मधल्याबरोबर संसार करावा हे कळतं हो, पण जीव थोरल्यावर असतो."

सेटिंगच्या बाबतीत, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं याबाबतीत, तर त्यांचं एक शास्त्रच होतं. "निसर्गाला एफ अकरा, माणसाला एफ चार, जनावराला जे मिळेल ते. निसर्ग थांबतो, माणूस थांबवता येतो, जनावर कुणाच्या बापाचं ऐकत नाही." लोधी गार्डनमध्ये त्यांनी आमचा सगळ्यांचा एक फोटो काढायला घेतला. पुढे माझे सासरे खुर्चीत, मागे घुमट, आणि दोघंही सारखेच स्पष्ट यायला हवेत असा हट्ट. सगळं जमवलं तर ऊन हललं. ते जमवलं तर ढग आला. सासऱ्यांना डुलकी लागली. माझी मुलगी दिल्लीतच वाढलेली, ती वैतागून म्हणाली, "मौसाजी, फोनवर काढा ना यार, एका सेकंदात होईल!" तर कॅमेऱ्यातून डोळा न काढता हे म्हणाले, "फोन फोटो काढतो, बेटा. मी निर्णय घेतोय."

या सगळ्या धावपळीत हात मात्र देवळातल्या समईच्या ज्योतीसारखे. ट्रायपॉड ते वापरत नसत. "ती म्हातारपणाची काठी. मी अजून चालता आहे." चहाचा कप काठोकाठ भरायचा, बशी न घेता स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत आणायचा आणि पाहुण्याच्या हातात द्यायचा, हा त्यांचा आवडता खेळ होता. पाहुण्याकडून चहा सांडला की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. त्या खेळामागे काय आहे ते मला बायकोनं सांगितलं होतं. साडूभाऊंच्या वडिलांना कंपवात होता. शेवटच्या वर्षांत त्यांना अर्धाच कप चहा देत, आणि तो ते दोन्ही हातांत धरून पीत. साडूभाऊ वडिलांबद्दल बोलत ते फक्त त्यांच्या मोत्यासारख्या अक्षराबद्दल, आजाराच्या आधीच्या.

निवृत्तीनंतर त्यांना एकच फोटो हवा होता, नाचणाऱ्या सारसांचा. ग्रेटर नोएडाच्या पलीकडे एका पाणथळ शेतात सारसांची एक जोडी यायची. हिवाळ्यातल्या एका पहाटे ते मला गाडीत घालून तिकडे घेऊन गेले. बांधापाशी गाडी लावली, थोरला चढवलेला कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "साडू, हे तान्हं बाळ आहे. धरायचं फक्त. कशाला हात लावायचा नाही." आणि वारा कुठून येतोय ते बघायला उतरले.

मी हात लावला. पन्नाशीला आलेला माणूस, पण नको म्हटलं की बोट तिथेच जातं. डोळा लावून बटण अर्धवट दाबलं, तर लेन्सच्या पोटातून बारीक घुरघुर सुरू झाली. मी गार पडलो. वाटलं, बिघडवलं आपण. चाळिशीचा चष्मा खिशात, गाडीत अंधुक. लेन्सच्या अंगावर हाताला एक कळ लागली ती खाली केली. पुन्हा दाबून बघितलं. घुरघुर थांबली होती. हुश्श म्हणून मी बाळ मांडीवर नीट धरून बसलो.

मग ती जोडी आली, आणि नाचली. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. माणसाएवढे उंच ते दोघे पंख पसरून एकमेकांसमोर उड्या मारत होते, माना आभाळाकडे टाकून ओरडत होते. "उजेड कमी आहे, शटर हळू ठेवायला लागेल, तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये, पण हात आहेत आपले," साडूभाऊ पुटपुटले आणि त्यांनी कॅमेरा उचलला. खटखट फोटो काढले. मागच्या पडद्यावर बघितलं. दोन राखाडी डाग. पुन्हा काढले. पुन्हा डाग.

"नाचतोय," ते म्हणाले.

"हो ना, काय नाचतायत!"

"सारस नाही. मला आतून सगळंच हलताना दिसतंय."

त्यांनी हात चोळले, थंडी आहे म्हणाले, कोपर गुडघ्यावर टेकवून काढून बघितलं. मग कॅमेरा खाली ठेवला आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. समोर ती जोडी नाचतच होती. "तू बघून घे, साडू," एवढंच बोलले.

परत निघताना ते म्हणाले, "गाडी तू चालव." आजवर त्यांनी त्या गाडीच्या स्टिअरिंगला कुणाला हात लावू दिला नव्हता. वाटेत चहाच्या टपरीवर ते उतरले. मी चष्मा लावला, मागच्या सीटवरची बॅग उघडली आणि ती कळ बघितली. शेजारी स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, स्टॅबिलायझर. एवढ्या मोठ्या लेन्समधून धडधाकट हाताचीही जी हालचाल मोठी होऊन दिसते, ती सावरून घेणारं यंत्र तिच्या पोटात होतं. घुरघुरत होतं ते तेच. विकत घेतल्यापासून ते कायम चालू असायचं, म्हणून बाकी सगळं शंभरदा तपासणाऱ्या साडूभाऊंनी तेवढी एक कळ कधी तपासली नव्हती. मी समोर बघितलं. काचेपलीकडे साडूभाऊ चहा पीत होते. ग्लास दोन्ही हातांत धरला होता.

तेव्हाच उतरून सांगायला हवं होतं. मी कळ वर केली आणि बॅगेची चेन लावली. का? तर जन्मभर प्रत्येक लग्नाकार्यात हे माझी गोष्ट सांगतील म्हणून. इतकंच कारण होतं, याहून मोठं मला सापडलेलं नाही.

त्यानंतर थोरला कपाटात गेला, तो बाहेर आलाच नाही. साडूभाऊ आमच्याकडे आले की बसून राहू लागले. अगदी शेवटच्या गुलाबजामापर्यंत. बायको म्हणाली, "भावजी बघ कसे शांत झालेत," आणि मी उगाच पाण्याचा तांब्या आणायला उठलो. ताई चहा विचारायच्या, तर ते म्हणायचे, "अर्धाच कप." मी मेट्रोत बसलो की द्वारकेपासून वाक्य जुळवायचो, यमुना ओलांडेपर्यंत ते पाठ व्हायचं आणि नोएडाला त्यांच्या दारात उभा राहिलो की त्याचं "काय भाऊ, कसं काय?" व्हायचं. पुढच्या हिवाळ्यात मी एकटाच त्या शेताकडे जाऊन आलो. तिथे भराव टाकून पत्रे ठोकले होते आणि पत्र्यांवर नव्या टॉवरचं चित्र होतं. चित्रात हिरवळ होती, तळं होतं.

मग एक दिवस ताईंचा फोन आला. "अहो, हे थोरला विकतायत. रविवारी माणूस येणार आहे न्यायला." मी शनिवारी दुपारी गेलो आणि दारातच, चपलांसकट, सांगून टाकलं.

"भाऊ, त्या पहाटे थोरल्याचा स्टॅबिलायझर मी बंद केला होता. तुमचा हात ठीक आहे."

साडूभाऊ हसले. "हिनं पढवून पाठवलं का? बिल्कुल छान प्रयत्न आहे. ये, बस."

"आत काहीतरी घुरघुरत होतं. मला वाटलं मी बिघडवलं. म्हणून कळ खाली केली."

घुरघुर हा शब्द ऐकल्यावर ते हसायचे थांबले. मी कपाटातून थोरला काढला, कॅमेऱ्यावर चढवला. गॅलरीसमोरच्या इमारतीच्या टाकीवर एक घार बसली होती. मी कळ खाली करून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळा लावला.

"असंच," ते अगदी हळू म्हणाले. "असंच नाचत होतं."

मग त्यांनी स्वतःच्या बोटानं कळ वर केली. घार थांबली असावी, कारण त्यांनी कळ पुन्हा खाली केली, पुन्हा वर केली. कॅमेरा खाली आला तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"रोज दाढी करताना मी हात बघायचो. रोज."

"डॉक्टरकडे का नाही गेलात, भाऊ?"

"गेलो असतो तर कळलं असतं." लेन्सला टोपण घालत म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. टपरीवर."

"आणि मग तू मला गाडी चालवत घरी आणलंस."

ते आत गेले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला, ताई काहीतरी बोलल्या. आणि साडूभाऊ बाहेर आले ते हातात काठोकाठ भरलेला कप घेऊन. बशी नाही. गॅलरीचा उंबरठा ओलांडून तो कप त्यांनी माझ्या हातात दिला. एक थेंब सांडला नव्हता. माझ्या हातात आल्याबरोबर तो बोटांवर, शर्टावर, चपलांवर सांडला.

"साडू," ते म्हणाले, "तुझी कळ बघून घे एकदा." आणि चपला शोधू लागले. "चल, ऊठ. उजेड जाईल."

"भाऊ, तिथे आता भराव टाकलाय."

"माहीत आहे. मीही जाऊन आलोय." दुसरी चप्पल कपाटाखाली सापडली. "ते दोघं कुठेतरी असतीलच ना. बघू."

गाडी त्यांनीच काढली. थोरला पुन्हा माझ्या मांडीवर होता, आणि मी दोन्ही हात त्याच्यापासून लांब, गुडघ्यांवर ठेवले होते. एक्स्प्रेसवेला लागल्यावर त्यांनी आरसा नीट केला. मग समोर बघत म्हणाले, "आता बोल काय बोलायचंय ते."

वर्षभर पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मी म्हणालो, "भाऊ, कळ खाली केली ती चुकून. वर केली ती जाणूनबुजून, तुम्हाला न सांगता. त्या वर केल्याची माफी मागतो."