शनिवारची राखण

नातीच्या पुस्तकात वानराच्या डोक्याचं चित्र आहे. आतल्या भागांना वेगवेगळे रंग दिलेत. हात कुठून हलतो, दोघांनी मिळून काम करताना आत काय होतं, धोका पत्करायचा की नाही हे कुठं ठरतं, असं ती मला वाचून दाखवत होती. मी चौथी शिकलेली. डोक्याच्या आतलं मला कळत नाही. पण वानरांचे हात मी एक सबंध हिवाळा पाहिलेत, आणि त्या हिवाळ्यात मी काय केलं तेही मला पक्कं आठवतं.

बहात्तरचा दुष्काळ होता. डोंगर करपले होते, त्यामुळं वानरं प्रवरेच्या काठाला उतरली. कोल्हारला आमची पेरूची बाग होती. विहिरीच्या जेमतेम पाण्यावर सासऱ्यांनी ती जगवली होती. हिरवं म्हणावं असं आसपास तेवढंच. बागेची राखण माझ्याकडे होती, कारण मला गोफण येत होती. माझं माहेर पारनेरकडचं, कोरडवाहू. बाजरी दाण्यावर आली की वडील मला पाखरं हाकायला बसवायचे. गोफणीचं एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत धरायचं, डोक्यावर फिरवून नेमक्या वेळी चिमूट सोडायची. ती वेळ कोणाला सांगून समजत नाही. हाताला समजते.

वानरावर गोफण चालवणं पाखरांपेक्षा अवघड. त्याला दगड लागू द्यायचा नाही, ते मारुतीचं रूप. दगड त्याच्या हातभर पुढं पडला पाहिजे, म्हणजे ते दचकून वळतं. माझा पडायचा. सासरे चार लोकांत म्हणायचे, "थोरलीनं बोट दाखवावं न् तिथं दगड पडावा." ते ऐकायला मिळावं म्हणून मी पाण्याची घागर घेऊन मुद्दाम तिथून जायची.

शिवाय बागेत मला पाय पसरून बसता यायचं. घरी सासूबाई होत्या. बाई वाईट नव्हती, पण तिचं तोंड चुलीच्या आधी पेटायचं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊ आली. ती डावखुरी. पहिल्याच दिवशी तिनं डाव्या हातानं पीठ मळायला घेतलं तेव्हा सासूबाईंनी परात ओढून घेतली. "डाव्या हाताचं आमच्यात कुनी खात न्हाई," म्हणाल्या. आठ दिवस तिला उजव्या हातानं भाकरी थापायला लावली. त्या भाकरी बैलाच्या खुरासारख्या व्हायच्या. शेवटी वैतागून तिला माझ्याबरोबर बागेत लावून दिली. वानरंही वाढली होती, एकटीनं निभत नव्हतं.

गोफण मीच शिकवली तिला. शिकवली कसली, नुसती हातात दिली. आठव्या दिवशी तिचा दगड हुप्याच्या पुढं वीतभर अंतरावर पडला. माझा हातभर, तिचा वीतभर. हुप्या, म्हणजे त्या टोळीतला मोठा नर, दगडाकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. त्यानं माझ्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

"आक्का, बरूबर पडला का?" तिनं विचारलं.

"लांब पडला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीकडे असताना मी डाव्या हातानं गोफण फिरवून पाहिली. दगड माझ्याच कानामागं बसला. आठ दिवस पदर कानावरून खाली घेतला नाही.

वानरांची रीत अशी होती. एकजण विहिरीच्या काठावर उघड येऊन बसायचं, अंग खाजवायचं, जांभया द्यायचं. आम्ही त्याच्याकडे पाहत राहायचो तोवर बाकीची ओढ्यातून आत. ती ठरवून करायची की नाही मला माहीत नाही, पण बसणारा कधी उपाशी राहिला नाही. म्हणून आम्हीही रीत लावली. मी ओढ्याच्या अंगाला चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर, ती विहिरीच्या अंगाला बाभळीखाली. जिला आधी दिसतील तिनं "आली गं" म्हणून हाक द्यायची, दुसरीनं डबा बडवत समोरून यायचं. दोन्हीकडून आवाज आला की वानरं मधल्या वाटेनं बाहेर पडत. एकीकडूनच आला तर बागेतल्या बागेत फिरत राहत.

एक तरणी वानरीण होती. बाकीची हाताला लागतील ते कच्चे पेरू खाऊन गप बसायची. हिचा डोळा विहिरीवर ओणवलेल्या फांदीकडे, कारण पिकलेले तिथंच. फांदी बोटाएवढी, खाली खोल विहीर. ती हात पुढं करायची, फांदी वाकली की मागं घ्यायची. चार वेळा असं करून पाचव्यांदा झेप घ्यायची. कधी पेरू मिळायचा, कधी नुसताच पाला. एकदा पाण्यात पडताना वाचली. दुसऱ्या दिवशी परत तिथंच.

"ही माझ्या गनातली," जाऊ म्हणायची.

"आन् मी?"

"तुमी कच्चा पेरू खानाऱ्या," असं म्हणून हसली. मला ते लागलं, कारण खरं होतं.

पौष लागला तेव्हा सासरे जेवताना म्हणाले, "आता माल थोडाच राहिलाय. संक्रांतीनंतर बागेत एकच बाई पुरं. धाकटीचा हात चांगला बसलाय." एवढंच. थोरलीचं नाव नाही. मी वाढत होते. माझ्या हातून आमटी त्यांच्या ताटाबाहेर सांडली. मला तेव्हाच कळलं की पाय पसरून बसणं संपलं, आता मी आणि ती चूल.

पुढचा शनिवार. शनिवारी गोफण चालवायची नाही, मारुतीचा वार. गोफणी बांधावर ठेवून फक्त डबे घ्यायचे. म्हणजे त्या दिवशी दोघींची हाक हाच सगळा आधार. त्याच दिवशी सासरे दुपारी व्यापाऱ्याला घेऊन उरलेला माल दाखवायला येणार होते.

ऊन कलायच्या आधी टोळी ओढ्यातून आली. माझ्या माळ्याखालून गेली. मला दिसली, पिल्लासकट दिसली. ती विहिरीच्या अंगाला वळली, जाऊच्या पाठीमागून. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

नात म्हणते, माणूस ठरवायच्या आधीच डोक्यात ठरलेलं असतं. असेल. पण माझं तसं नव्हतं. मी ठरवलं. सासरे येतील, तिच्या अंगाची झाडं ओरबाडलेली पाहतील, मग हात कोणाचा बसलाय ते बोलतील, असा हिशेब मी बसल्या बसल्या केला. धोका होता. पण कच्चा पेरू खाऊन मी कंटाळले होते.

तिला उशिरा कळलं. "आक्का, आली!" ती ओरडली. डबा बडवत धावली. एकाच अंगाचा आवाज, वानरं गोल फिरून मागं आली. ती पुन्हा धावली. वानरं पुन्हा फिरली. फांद्या मोडायला लागल्या. मी माळ्यावरून उतरले, पण घाई केली नाही. लुगड्यात अडकलेली काडी काढत राहिले.

मग गोफणीचा आवाज आला. शनिवारी. दगड हुप्याच्या पुढं वीतभर पडला आणि सगळी टोळी बांधावरून बाहेर गेली. बांधाच्या पलीकडे सासरे आणि व्यापारी उभे होते.

सासऱ्यांनी मोडलेली झाडं पाहिली. मला विचारलं, "थोरले, तुला दिसली न्हाईत?"

"न्हाई."

त्यांनी जाऊकडे पाहिलं. तिच्या कपाळावर खरचटलं होतं. "त्यांच्या डोळ्यावर ऊन हुतं, मामा," ती म्हणाली. ऊन माझ्या पाठीला होतं. तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं. लोक म्हणतील तिनं मला वाचवलं. मला वाटलं, तिनं मला दावं लावलं.

घरी सासूबाईंनी शनिवारचा दगड ऐकून डोक्याला हात लावला. पाच शनिवार मारुतीला तेल घालायचं आणि बागेत पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी धाकटीला सांगितलं. बाग मला मिळाली.

मिळाली, आणि राखता येईना. इतर दिवशी गोफणीवर भागायचं. शनिवारी मी एका अंगानं डबा बडवायची आणि वानरं दुसऱ्या अंगानं खात बसायची. विहिरीच्या काठावर तो जांभया देणारा असायचा. मी सवयीनं "आली गं" ओरडायची आणि बाभळीखाली कोणी नसायचं. ती तरणी वानरीण आता चार वेळा हात मागंही घेत नव्हती.

घरी वेगळंच. सासूबाई तेलाच्या नवसात गुंतल्या आणि पिठाच्या परातीकडे पाहायचं त्यांनी सोडलं. धाकटी डाव्या हातानं भाकरी थापायला लागली. काठ कुठं जाड नाही, कुठं चीर नाही. सासरे एक भाकरी जास्त खाऊ लागले. मला वाटलं होतं चूल तिच्या गळ्यात पडली. मला त्या चुलीचाही हेवा वाटायला लागला.

तिसऱ्या शनिवारी मी सासऱ्यांना म्हणाले, "एकटीनं हुईना. धाकटीला पाठवा."

ते सुपारी कातरत होते. "दोघी हुत्या तवा तरी कुठं दोघी हुत्या?" म्हणाले. मान वर केली नाही. मग म्हणाले, "तिलाच इचार."

मी चुलीपाशी गेले. ती भाकरी उलटत होती.

"शनिवारी येशील का?"

"आत्याबाईंचं तेल अजून दोन शनवार हाय."

"सकाळी घालून ये. मामांनी तुलाच इचारायला सांगितलंय."

तिनं भाकरी तव्यावरून काढली, निखाऱ्यावर फुगवली, टोपल्यात टाकली. मला उभं ठेवून पुढची थापायला घेतली. मग विचारलं, "हाक माराल का?"

"मारीन," मी म्हणाले.

ती आली. मी हाक मारली, प्रत्येक वेळी, अगदी वेळेवर. बागेतली शेवटची पाटी आम्ही दोघींनी उतरवली. पण हाक माझी असली तरी वानरं वळायची ती तिच्या डब्याला, हे मी दर शनिवारी पाहत होते.